हातातला धातू कोणता? लोहचुंबक, कानस, तराजू आणि मोरचुदाने ओळखण्याची रीत

एप्रिल महिना, द्राक्षबागांची खरड छाटणी उरकलेली, आणि तासगावकडचे एक बागायतदार पंप घेऊन वर्कशॉपात आले. शाफ्टचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते धातूचं कडं, तीन महिन्यांत झिजून लंबगोल झाला होता. बिलावर स्पष्ट लिहिलं होतं, ‘गनमेटल बुश’. मी बुश व्हाइसमध्ये आवळला आणि कडेवर दोनदा कानस ओढली. खालून पिवळाधमक, हळदीसारखा रंग निघाला. गनमेटल असतं तर तांबूस छटा दिसायला हवी होती. म्हणजे गनमेटलच्या पैशात पितळ आलं होतं, आणि ऐन कडक उन्हात बाग चार दिवस पाण्यावाचून राहिली ती त्यामुळे.

विकत घेतानाच दुकानात कानस मारली असती तर हे टळलं असतं. म्हणून मी रोज ज्या क्रमाने धातू ओळखतो, तो क्रम इथे देतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक लोहचुंबक, एक बारीक दातांची कानस, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, दोरा, पाण्याचा मग आणि मूठभर मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) एवढं पुरतं. ग्राइंडर असेल तर आणखी बरं.

आधी थोडं मूळ समजून घ्या

पाचगणीच्या टेबललँडवर किंवा कासच्या पठारावर पायाखाली लालसर, भोकाभोकांचा जांभा लागतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाखो वर्षं पावसात भिजत राहिला. त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोखंडाची नि ॲल्युमिनिअमची ऑक्साइडं मागे उरली. जांभ्याची लाली आणि जुन्या पत्र्यावरचा गंज ही एकाच घरची माणसं आहेत. महाबळेश्वरच्या परिसरातले धावड लोक पूर्वी हा दगड लोणारी कोळशाबरोबर भट्टीत घालून, भाता मारून लोखंड काढायचे. कोळशातला कार्बन दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. आजच्या अजस्र झोतभट्टीतही मूळ क्रिया हीच. फरक एवढाच की आता खनिज ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटकातून आणि आपल्या गडचिरोलीतून येतं.

त्याच जांभ्यात ॲल्युमिनिअमचा अंश जास्त असला की त्याला बॉक्साइट म्हणतात. कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर त्याच्या खाणी आहेत. पण ॲल्युमिनिअम आपला ऑक्सिजन कोळशाला सहजासहजी देत नाही. ते वेगळं करण्याची विजेची रीत १८८६ मध्ये सापडली, म्हणून हा धातू घराघरांत उशिरा आला आणि आपल्या आज्यांनी त्याला ‘जर्मन’ असं परदेशी नाव दिलं. साधारण चार टन बॉक्साइटमधून एक टन ॲल्युमिनिअम निघतं आणि दर किलोला १३ ते १५ युनिट वीज जाते. जुनं भांडं वितळवायला मात्र या विजेच्या जवळपास विसाव्या हिश्शाएवढीच ऊर्जा पुरते. भंगारवाला जर्मनच्या फुटक्या पातेल्यालाही चांगला भाव का देतो, ते यावरून कळावं.

तांब्याच्या खाणी राजस्थानात खेत्रीला आणि मध्य प्रदेशात मलाजखंडला आहेत. जस्त बहुतेक राजस्थानातलं; तिथल्या जावरला तर कित्येक शतकांपूर्वी जस्ताची वाफ धरून ते गाळत असत. कथील मात्र आपल्याकडे फार थोडं निघतं, बहुतेक बाहेरून येतं आणि तांब्यापेक्षाही महाग पडतं.

या शेवटच्या ओळीत त्या बुशाचं गुपित आहे. तांब्यात जस्त घातलं की पितळ होतं आणि कथील घातलं की कासं, म्हणजे ब्राँझ. गनमेटल हा ब्राँझचाच प्रकार: साधारण ८८ भाग तांबं, १० भाग कथील, २ भाग जस्त. कथील महाग आणि जस्त स्वस्त, म्हणून गनमेटलच्या जागी पितळ खपवण्याचा मोह होतो.

मिश्रधातू शुद्ध धातूपेक्षा कठीण का होतो, हे हळदीच्या पोत्यांवरून समजतं. एकसारख्या पोत्यांची थप्पी ढकलली की थर सरकतो. मधेमधे वेगळ्या मापाची पोती असली की थर अडतो. धातूत अणूंचे थर असतात. दुसऱ्या मापाचे अणू आत शिरले की थर सहज सरकत नाहीत. त्यामुळे कठीणपणा वाढतो, पण वीज आणि उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. म्हणूनच मोटारीच्या वाइंडिंगला शुद्ध तांबं लागतं आणि बुशाला मिश्रधातू.

पायरी १: मुलामा खरवडा, मग रंग बघा

वरचा रंग कधीच खरा धरू नका. नळावर क्रोमचा मुलामा असतो, समईवर लाखेचा हात असतो, खिळ्यावर जस्त असतं. न दिसणाऱ्या जागी कानशीने नखाएवढा भाग उघडा करा आणि दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पितळ आणि गनमेटल यांत फसायला होतं.

लालसर गुलाबी असेल तर तांबं. पिवळं असेल तर पितळ. पिवळ्यात तांबूस झाक असेल तर ब्राँझ किंवा गनमेटल. बाकी सगळे पांढरे किंवा राखाडी, आणि खरी कसरत त्यांच्यात आहे. ‘जर्मन सिल्व्हर’ चांदीसारखं दिसतं, पण ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. त्यात चांदी औषधालाही नसते.

पायरी २: लोहचुंबक लावा

चिकटला तर आत लोखंड आहे असं समजा, वर मुलामा कशाचाही असो. ‘पितळी’ कडी-कोयंडे इथेच उघडे पडतात.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत मात्र या कसोटीचा गैरवापर फार होतो. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४’, म्हणजे चांगल्या जातीचं स्टील, असं दुकानदार ठणकावून सांगतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल असतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही, हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या २०२ लाही तो चिकटत नाही, आणि ते गंजाला कमी टिकतं. उलट अस्सल ३०४ चा पत्रा जिथे वाकवला असेल तिथे चुंबक थोडासा ओढतो. म्हणजे चुंबकाने त्याला चिकटणारं ४३० जातीचं स्टील वेगळं काढता येतं, ३०४ आणि २०२ वेगळे करता येत नाहीत. हळद शिजवायचा कुकर किंवा दुधाची टाकी करून घेताना पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. रक्कम मोठी असेल तर तुकडा स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या आहेत, त्यामुळे अशी तपासणी आपल्या भागात अवघड नाही.

पायरी ३: पाण्यात तोलून घनता काढा

ही माझी सगळ्यात आवडती कसोटी, कारण ती मुलाम्याला भीक घालत नाही.

वस्तू कोरडी करून वजन घ्या आणि लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा मग ठेवून काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरा हातात धरून ठेवा. काटा आता जो आकडा दाखवेल तेवढे ग्रॅम पाणी वस्तूने बाजूला सारलं, म्हणजे तेवढे घनसेंटिमीटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा, घनता मिळते.

ताडून बघायला हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा: ॲल्युमिनिअम २.७, जस्त ७.१, बीड (कास्ट आयर्न) सुमारे ७.२, कथील ७.३, पोलाद ७.८५, पितळ ८.४ ते ८.७, ब्राँझ सुमारे ८.८, तांबं ८.९६, चांदी १०.५, शिसं ११.३, सोनं १९.३.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. ‘ब्रास बॉडी’ म्हणून घेतलेला चकचकीत नळ. स्पिंडल आणि रबरी वॉशर काढून कोरडं वजन ४०२ ग्रॅम. पाण्यात धरल्यावर काट्यावर ६०. भागाकार ६.७. पितळ असतं तर आठाच्या पुढे यायला हवं होतं. हा जस्ताचा ओतीव मिश्रधातू निघाला. पाणी खारं असेल तर असा नळ दोन-तीन वर्षांत आट्यांमध्ये पिठासारखा झडतो.

पोकळ वस्तूत हवेचा बुडबुडा अडकला तर उत्तर चुकतं. पाण्यात बुडवून हलवा आणि बुडबुडे निघून जाऊ द्या. या कसोटीची हद्दही ध्यानात ठेवा. मघाच्या बुशाचं वजन २६१ ग्रॅम होतं आणि काट्यावर ३१ आले, म्हणजे ८.४. गनमेटल असतं तर ३० आले असते. एका ग्रॅमच्या फरकावर कुणाला खोटं ठरवू नये. तिथे रंगच निर्णायक.

(मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना घनतेचा हा हिशेब कानाने कळतो. तंबोऱ्याच्या खर्जाला पितळी किंवा ब्राँझची तार लावतात, कारण तेवढ्याच जाडीची तार पोलादापेक्षा जड भरते आणि स्वर खाली उतरतो.)

पायरी ४: कीस बघा, आवाज ऐका

लोखंडाच्या घराण्यात सगळा खेळ कार्बनचा. पाव टक्क्याच्या आत कार्बन असेल तर ते नरम पोलाद, ज्याला आपण एम.एस. म्हणतो: अँगल, पाइप, पट्टी. अर्धा टक्का ओलांडला की पाणी देऊन कडक होणारं पोलाद: स्प्रिंग, कानस, विळा, छिन्नी. दोन टक्क्यांच्या वर गेला की बीड, म्हणजे कास्ट आयर्न: तवा, पंपाची बॉडी, गुऱ्हाळाच्या चरकाचे रोल. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर करायला घेतले. आपल्या भागाची बिडाशी ओळख इतकी जुनी आहे.

बीड आणि पोलाद दोघांनाही चुंबक चिकटतो, दोघांचा रंग राखाडी. ओळखायचं असेल तर ड्रिलने एक छोटं भोक पाडा. पोलादाचा कीस स्प्रिंगसारखा वळत बाहेर येतो. बिडाचा येत नाही. त्याची भुकटी होते, आणि ती बोटांत चोळली की पेन्सिलीसारखा काळा डाग पडतो. तो ग्राफाइट, न विरघळता उरलेला कार्बन. त्याच्या पापुद्र्यांमुळे बीड हादरे गिळतं, म्हणून यंत्राचा बेड बिडाचा करतात. पण ओढ पडली की त्याच पापुद्र्यांवरून ते तडकतं. हातोडीने टकटक करा: पोलाद खणखणतं, बीड बद्द वाजतं. आणि काशाची घंटा किती वेळ घुमते, ते देवळात सगळ्यांनीच ऐकलं आहे.

पायरी ५: ठिणगी

ग्राइंडरला टेकवा, गॉगल लावून, पाठीमागे अंधार असेल असं उभं राहून. एम.एस.च्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या, टोकाला तुरळक फाटे. कार्बन जास्त असलेल्या पोलादाला फुलबाजीसारखे दाट फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि चाकाजवळ मंद लाल. स्टेनलेसच्या थोड्या, नारिंगी. तांबं, पितळ, ॲल्युमिनिअम यांना ठिणगीच येत नाही. ॲल्युमिनिअम साध्या चाकावर घासूही नका. ते चाकात भरतं, चाक तापतं आणि फुटू शकतं.

पायरी ६: मोरचूद, आणि धातूंची उतरंड

बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक करणारा प्रत्येक द्राक्षबागायतदार ही कसोटी जाणतो, फक्त तिला हे नाव देत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण झाल्यावर त्यात घासलेला विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालायचा. मोरचुदात तांबं विरघळलेलं असतं. लोखंड त्याला पाण्याबाहेर ढकलून त्याची जागा घेतं, आणि बाहेर पडलेलं तांबं पात्यावर बसतं. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नये, तेही याचमुळे.

धातूंची अशी उतरंड आहे: जस्त, लोखंड, कथील, शिसं, तांबं, चांदी, सोनं. आधीचा धातू नंतरच्याला द्रावणातून बाहेर काढतो आणि स्वतः आत जातो. खानापूर-आटपाडी-विट्याकडची हजारो घरं याच उतरंडीवर उभी राहिली. आपले गलाईवाले देशभरातल्या सराफ बाजारांत जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. अशुद्ध सोन्यात आधी चांदी मिसळून सोन्याचा वाटा साधारण एक चतुर्थांशावर आणतात. मग नायट्रिक ॲसिडात टाकलं की चांदी आणि तांबं विरघळतं आणि सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहतं. वरच्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी करडी होऊन खाली बसते. विट्याला माझ्या मामांच्या घरी मी लहानपणी पहिल्यांदा ते बघितलं: लालभडक पट्टीवर बघता बघता राखाडी शेवाळ चढत गेलं, द्रावण निळं होत गेलं, आणि मामा म्हणाले, ‘‘ती चांदी हाय, हात लावू नगंस.’’ (हे काम घरी करून बघण्याचं नाही, त्यातून निघणारा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो.)

आता हाच मोरचूद द्राक्षाच्या मांडवाची तार तपासायला वापरा. जी.आय. म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेवर जस्ताचा थर किती आहे, यावर मांडवाचं आयुष्य ठरतं, आणि तो थर डोळ्यांना कळत नाही. काचेच्या बरणीत गरम पाण्यात विरघळेल तेवढा मोरचूद विरघळवा आणि थंड होऊ द्या. दोन दुकानांतले वीतभर तारेचे नमुने साबणाने धुऊन, पुसून घ्या. दोन्ही एक मिनिट बुडवा, बाहेर काढा, पाण्याखाली धरून फडक्याने पुसा. जस्त शिल्लक आहे तोवर वर बसलेला काळपट थर पुसून जातो. पुन्हा एक मिनिट. ज्या बुडवणीनंतर तारेवर चमकदार, न पुसणारं तांबं दिसेल, तिथे जस्त संपलं आणि आतलं लोखंड उघडं पडलं. कापलेलं टोक मोजू नका, तिथे लोखंड आधीपासूनच उघडं असतं. एक तार दुसऱ्या बुडवणीला लाल झाली आणि दुसरी चौथ्याला, तर कोणती घ्यायची हे वेगळं सांगायला नको. हातमोजे घाला, आणि उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका.

उतरंड जोडकामातही आडवी येते. जी.आय. पाइपला थेट पितळी व्हॉल्व्ह जोडला की ओलाव्यात जोडाजवळचं जस्त आणि मग लोखंड खाल्लं जातं; मधे प्लॅस्टिकचा जोड द्या. मीटरपेटीत ॲल्युमिनिअमची केबल आणि तांब्याची तार एकत्र पिळली की तो सांधा हळूहळू तापायला लागतो. तिथे दोन धातूंचा लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा जोडतुकडा, वापरा.

मोटारीची तार: वेगळं सांगायलाच हवं

जतकडे बोअरवेल खोल, मोटार वर काढण्याचा खर्च मोठा, आणि रिवाइंडिंगमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनिअमची तार भरल्याच्या तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात. ॲल्युमिनिअम तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीज वाहून नेतं. तेवढ्याच जाडीची तार भरली तर मोटार तापते आणि जळते. नुसती खरवडून बघू नका, वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तारही मिळते. तार तिरकी कापा आणि भिंगातून छेद बघा. मधे पांढरं दिसलं तर संपलं. छोटं वेटोळं तराजूच्या कसोटीला लावलं तरी घनता निम्म्यापेक्षा कमी भरते.

तापवण्याआधी ओळखा

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका चरकाची तडकलेली बाजूची प्लेट पोलाद समजून साध्या एम.एस. रॉडने भरली. वेल्डिंग सुंदर दिसत होतं. अर्ध्या तासाने थंड होताना ‘टण्ण’ असा आवाज आला आणि जोडाला लागूनच नवी चीर पडली. ती प्लेट बिडाची होती. ड्रिलची एक भुकटी आधी बघितली असती तर त्या गुऱ्हाळाचा हंगाम आठवडाभर थांबला नसता. बीड जोडायचं तर आधी सारखं तापवा, निकेलचा रॉड घ्या, एकावेळी इंचभरच भरा, भरल्या भरल्या हलक्या हातोडीने ठोका, आणि शेवटी चुन्यात किंवा कोरड्या राखेत पुरून रात्रभर हळू थंड होऊ द्या.

जी.आय. वेल्ड करताना जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन इंच जस्त घासून काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगच्या आर्कपुढे ते काहीच नाही. पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ किंवा दूध हा त्यावर उपाय नाही. दार उघडं ठेवा, पंखा पाठीमागून लावा, तोंडावर योग्य मास्क लावा.

शेवटची पायरी: नमुन्यांची पेटी

कसोट्या तेव्हाच हाताला बसतात, जेव्हा शेजारी खात्रीचा नमुना असतो. प्रत्येक धातूचा दोन इंची तुकडा जमवा, एक बाजू घासलेली ठेवा आणि अक्षरांच्या पंचाने नाव ठोका. भंगारात हे फुकट मिळतं: तांब्याची बसबार, जुन्या व्हॉल्व्हचं गनमेटल, फुटका बिडाचा तवा, तुटका स्प्रिंगपाटा, जर्मनचं झाकण, फुटकी काशाची वाटी. महिन्यातून एकदा घासलेली बाजू पुन्हा कानशीने उजळा, नाहीतर तांबं आणि गनमेटल काळवंडून सारखेच दिसतात.

माझ्या पेटीत ‘पि’ असा ठसा मारलेला तासगावचा तो बुश आहे. त्याच्या शेजारी नव्या बुशासाठी आणलेल्या गनमेटलच्या दांड्याची उरलेली चकती ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं की मी दोन्हींवर एकेकदा कानस ओढतो, उन्हात धरतो आणि त्यांनाच विचारतो, यातलं गनमेटल कोणतं.